एकशे एकोणपन्नास रुपयांचा तिसरा भाग

काळेवाडीत ज्योतीराम लोमटे यांना ओळखत नाही असा भाजीवाला नसेल, आणि त्यांना लांबून येताना बघून मनातल्या मनात कपाळाला हात लावत नाही असाही नसेल. हा माणूस पहिल्या गाडीवर भाव विचारणार, दुसरीवर विचारणार, तिसरीवर विचारणार, आणि परत पहिल्याकडे येऊन म्हणणार, "तो पलीकडचा पंधराला देतोय. तुझं काय?" पाव किलो भेंडीसाठी! बरं, हुज्जत घालायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. नुसता भाव सांगायचे आणि पिशवी धरून उभे राहायचे. भाजीवाला कंटाळून देऊन टाकायचा.

चिकट म्हणाल तर तसे नव्हते हो. शेजारच्या शालनबाईंच्या नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ह्याच माणसानं चाळीस हजार काढून दिले आणि परत कधी तोंडातून शब्द काढला नाही. भाव बघणं हे त्यांचं काम होतं, आणि सव्वीस वर्षं तेच काम केल्यावर ते अंगात मुरलं होतं, एवढंच. भूम तालुक्यातून बाविसाव्या वर्षी आले, पाच-सहा वर्षं मिळेल ती हेल्परी केली, आणि चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये खोकी उचलायला लागले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिथल्या साहेबांना एके दिवशी त्यांचं अक्षर दिसलं, आणि खोकी सुटून त्यांच्या हातात फाइली आल्या. परचेस खातं. कंपनीला जे जे लागतं ते विकत घ्यायचं.

त्या खात्याचा नियम एकच. तीन ठिकाणचे भाव कागदावर आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. तीन कोटेशन मागवायची, तक्ता करायचा, भाव, सूट, वाहतूक, कर असं सगळं ओळीनं मांडायचं आणि सगळ्यात कमी आकड्याभोवती लाल गोल काढायचा. तेवढ्यावरही थांबायचं नाही. विकणाऱ्याला महिनाअखेरपर्यंत लटकत ठेवायचं. त्यालाही आपला माल खपवायचा असतो, तो आपसूक खाली येतो. ज्योतीराम ह्यात इतके तयार झाले की नवीन पोरांना त्यांच्याच हाताखाली शिकायला पाठवायचे.

ते पोरांना आणखी एक गोष्ट सांगायचे. सुरुवातीच्या काळात त्यांनी एकदा सगळ्यात स्वस्त म्हणून रबराचे वायसर मागवले. दिसायला तेच, मापाला तेच. गरम झाल्यावर तडकले, आणि अख्खी लाइन अर्धा दिवस बंद पडली. साहेबांनी चारचौघांत झापलं, "आधी माल एकच आहे का ते बघ, नमुना हातात घे, मग भाव बघ." ज्योतीरामांनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर नमुना बघितल्याशिवाय त्यांनी कंपनीत काडी घेतली नाही. कंपनीत, हं. मी मुद्दाम म्हणतोय.

घरातही तोच कारभार. फ्रिज घ्यायला चौदा महिने लागले. दोन उन्हाळे माठावर काढले, आणि मग फ्रिज आला तो दुकानदारानं हात जोडून दिलेल्या भावात. पोरीच्या, वर्षालीच्या लग्नाचा शालू तीन पेठा फिरून घेतला. बायको कस्तुराबाई चिडायच्या नाहीत. त्यांना हसूच यायचं. कुणी पाहुणा आला की सांगायच्या, "अहो, मला बघायला आले ना, त्याच्याआधी दोन ठिकाणी पोहे खाऊन आले होते. माझं तिसरं कोटेशन!" ज्योतीराम नुसते मिशीत हसायचे.

कस्तुराबाई नववी शिकलेल्या. घरी ब्लाऊज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. आणि वाचायच्या. असं वाचायच्या की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या. पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत पूर्वी वाचनालय होतं, तिथून दर शनिवारी पुस्तक आणायचं हा त्यांचा नेम. तिथंच त्यांना एक तीन भागांची कादंबरी मिळाली. सगुणा नावाची बाई, सासरचा छळ, अंगावर एक लहान मुलगी. दुसरा भाग संपतो तेव्हा सगुणा घर सोडून निघालीय, नदीला पूर आलाय, आणि ती पोरीला खांद्यावर घेऊन काठावर उभी आहे. पुढं काय ते तिसऱ्या भागात. आणि तिसरा भाग कुणीतरी नेलेला! नेणारा घर बदलून गेला, पुस्तक गेलं. ग्रंथपाल म्हणायचा, "येईल हो बाई, येईल." पुढं वाचनालयच बंद पडलं. पुस्तकाच्या छापील प्रती संपल्या, पुन्हा कुणी छापलं नाही.

अकरा वर्षं झाली त्याला. कस्तुराबाई मधेच काज करता करता म्हणायच्या, "ती बाई अजून तिथंच उभीय बघा पाण्यात." ज्योतीरामांना कोण बाई ते कळायला दरवेळी जरा वेळ लागायचा.

गेल्या उन्हाळ्यात कस्तुराबाईंना सरळ शिवण वाकडी दिसायला लागली. त्यांना वाटलं मशीन बिघडलंय. माणूस बोलावून मशीन उघडलं, तेल घातलं, सुई बदलली. शिवण वाकडीच. मग चिंचवडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. इंजेक्शनं झाली, फोटो झाले, आणि ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. कडेचं दिसत राहील. घरात वावरता येईल, भाकरी थापता येईल. पण समोर धरून बघायचं काम, शिवण, वाचन, ते जाणार.

"किती दिवस आहेत?" ज्योतीरामांनी विचारलं. माल कधी येणार हे विचारतात तसंच विचारलं. दुसरं कसं विचारायचं ते त्यांना येत नव्हतं.

"नक्की सांगता येत नाही. सहा महिने, वर्ष. कदाचित लवकरही. बाई, जे वाचायचंय ते वाचून घ्या."

घरी आल्यावर कस्तुराबाईंनी गिऱ्हाइकांची कापडं मोजून ठेवली, शिवायची राहिलेली परत द्यायला. मग ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "मला दुसरं काही नको. तेवढा तिसरा भाग वाचायला मिळाला असता तर."

वर्षाली तळवड्याला आयटीत नोकरीला. ती रविवारी आली आणि दहा मिनिटांत शोधून मोकळी झाली. पुस्तक छापील मिळत नव्हतं, पण ई-बुक निघालं होतं. कंपनीनं पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल ज्योतीरामांना दिलेला टॅब कपाटात तसाच पडून होता. वर्षालीनं तो चालू केला, दुसरं कुठलंतरी फुकटचं पुस्तक उघडून आईसमोर धरलं आणि अक्षरं मोठी करून दाखवली. मोठी, आणखी मोठी, लिंबाएवढी. कस्तुराबाईंनी ओळ वाचली. गालावर हात ठेवून वाचली, मग पुढची वाचली. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

"तिसरा भाग तीनशे एकोणपन्नास आहे. घेऊ?" वर्षालीचं बोट बटणावरच होतं.

ज्योतीरामांनी मधे हात घातला. "थांब. दुसरीकडं काय भाव आहे बघितलंस?"

"पप्पा, साडेतीनशे रुपये आहेत!"

"प्रश्न पैशाचा नाहीये. वस्तू घ्यायची तर रीतीनं घ्यावी. आणि तुझ्या आईचं पुस्तक आहे. मी घेणार."

वर्षालीनं आईकडे बघितलं. कस्तुराबाई म्हणाल्या, "घेऊ दे गं त्यांना." बापाचा आनंद कशात आहे ते दोघींनाही माहीत होतं. तिथं कुणीतरी त्या माणसाचा कान धरायला हवा होता. कुणी धरला नाही.

झालं. लांब वही निघाली. पुस्तकं विकणारी चार ऑनलाइन दुकानं सापडली आणि तक्ता मांडला गेला. पहिल्यात तीनशे एकोणपन्नास, सूट नाही. दुसऱ्यात चारशेवर काट मारून तीनशे वीस. ती काट बघून ज्योतीरामांचं डोकं फिरलं, "चारशेला ह्यांनी कधी कुणाला विकलं होतं?" तिसऱ्यात दोनशे नव्याण्णव, पण ती सवलत नव्या गिऱ्हाइकाला, आणि खरेदी कमीत कमी पाचशेची हवी. चौथ्यात महिन्याची वर्गणी भरायची आणि वाटेल ते वाचायचं, वर्गणी थांबली की पुस्तक गेलं. "हे तर भाड्यानं झालं," असा शेरा त्यांनी लिहून ठेवला. त्याच दुकानात सुटं घ्यायचं तर तीनशे दहा. काळेवाडी फाट्यावर कंपनीची बस पकडली की मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तास तास जायचा, तेवढ्या वेळात चारही दुकानांचे भाव बघून व्हायचे. भाव रोज हलायचे. कधी सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. ज्योतीरामांना त्यात गोडी लागली, हे खरं सांगायला हवं.

गणपतीत दुसऱ्या दुकानानं दोनशे एकोणऐंशी केला. त्यांचं बोट जवळजवळ गेलंच होतं. पण गणपतीत एवढा उतरलाय तर दसऱ्याला आणखी उतरणार. दसऱ्याला दोनशे साठ झाला. बघा, म्हटलं होतं ना! मग दिवाळीपर्यंत थांबायला काय हरकत? दिवाळीत दोनशे पंचेचाळीस झाला, दोनच दिवस. ते दोन दिवस ज्योतीराम भूमला भावाकडे होते, आणि तिथं रेंज नव्हती. परत येऊन बघतात तर भाव पुन्हा तीनशे वीस.

आता दोनशे पंचेचाळीसला बघितलेली वस्तू तीनशे वीसला कशी घ्यायची? सांगा. तुम्ही-आम्ही कुरकुरत घेऊन टाकू. त्या माणसाला ते जमेना. तो आकडा त्यांच्या घशात अडकला.

कस्तुराबाई एकदाच बोलल्या. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तांदूळ निवडत होत्या. निवडत कसल्या, चाचपत होत्या. म्हणाल्या, "अहो, घेऊन टाका की ते पुस्तक. माझी नजर काय सेल लागायची वाट बघत बसणारे का?"

"अगं, सव्वीस जानेवारीला मोठा सेल असतो. दोन महिने तर राहिले," ज्योतीराम म्हणाले. आणि वर समजूत घातल्यासारखं, "तुला दिसतंय ना अजून?"

"दिसतंय," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि परत तांदळात बघायला लागल्या.

सव्वीस जानेवारीला चौथ्या दुकानात भाव होता एकशे एकोणपन्नास. ज्योतीरामांनी डोळे चोळून बघितलं. दोनशे रुपयांची बचत, निम्म्याहून जास्त! मिनिटाच्या आत पैसे भरले, वहीत लाल गोल काढला, खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये स्टोअरच्या भीमराजला आधी सांगितलं. भीमराज ओरडलाच, "काय राव ज्योतीरामभाऊ, पुस्तकवाल्यांनापण लोळवलंत!" मग सगळ्या बसला कळलं. येताना पाव किलो पेढे आणले. वर्षालीला फोन केला, ती म्हणाली, "बरं झालं पप्पा." एवढंच म्हणाली.

कस्तुराबाईंनी टॅब मांडीवर घेतला, खिडकीशी बसल्या. मान जरा वाकडी करून, कडेनं बघत बसल्या.

"दिसतं ना नीट?"

"दिसतं की."

"मग? कसं आहे?"

"छान आहे," कस्तुराबाई म्हणाल्या. आणि पेढा तोंडात घातला. ज्योतीरामांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग रोजचंच झालं. संध्याकाळी साडेसहाला आले, हातपाय धुतले, चहा घेतला की विचारायचे, "कुठवर आली तुझी सगुणा?" आणि कस्तुराबाई सांगायच्या. पुरात एक होडी आली. होडीवाल्याची म्हातारी आई होती, तिनं सगुणाला घरात घेतलं, अंगावर कोरडं लुगडं दिलं. पोरीला ताप आला, म्हातारीनं रात्रभर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. मग सगुणा तालुक्याच्या गावी गेली, एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला लागली. पोर शाळेत जायला लागली. एकदा सासू शोधत आली आणि दारातून परत गेली. ज्योतीराम चहा गार करून ऐकायचे. जन्मात पुस्तक न उघडलेला माणूस, पण त्याचा जीव त्या बाईत अडकला. बसमध्ये भीमराजला सांगायचे. भीमराजही विचारायला लागला, "भाऊ, काल शिंप्यानं मजुरी दिली का नाही तिची?"

मार्चमध्ये एके दिवशी कस्तुराबाई म्हणाल्या, "संपलं." सगुणाचं स्वतःचं घर झालं होतं. खिडकीशी मशीन होतं. पोर मोठी होऊन मास्तरीण झाली होती. "चांगला शेवट केलाय," कस्तुराबाई म्हणाल्या. ज्योतीराम म्हणाले, "मग? एकशे एकोणपन्नासात वसूल झालं का नाही?" त्या म्हणाल्या, "झालं हो."

एप्रिल लागला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी सकाळी कस्तुराबाई शालनबाईंकडे कुरडया घालायला गेल्या होत्या, ज्योतीराम घरी एकटे होते. भीमराजनं आदल्या दिवशी काहीतरी विचारलं होतं, ती सासू शेवटी कुठं गेली म्हणून, आणि ह्यांना सांगता आलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि टॅब घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कादंबरी उघडली.

पुस्तक उघडलं ते नवव्या पानावर. खाली लिहिलेलं होतं, तीनशे अठ्ठ्याऐंशीपैकी नऊ. त्यांना वाटलं काहीतरी यंत्राची गडबड असेल. पान पिवळट होतं, जरा तिरकं. जुन्या पुस्तकाचं पान फोटो काढून चिकटवल्यासारखं. अक्षरं बारीक. वर्षालीनं दाखवलं होतं तशी त्यांनी दोन बोटं लावून अक्षरं मोठी करायला घेतली. अक्षरं मोठी होईनात. अख्खं पानच फुगलं आणि ओळ दोन्ही बाजूंनी पडद्याबाहेर गेली. जी राहिली ती झेरॉक्स खराब आल्यासारखी पुसट. एक ओळ वाचायची तर पान ओढत उजवीकडे न्यायचं, परत डावीकडे आणायचं, तेवढ्यात खालची ओळ हातात यायची. धड डोळ्यांचा माणूस, पाच ओळींत कंटाळला.

त्यांनी दुकानाचं पान उघडलं. भावाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'छापील प्रतीची छायाचित्रं. अक्षरांचा आकार बदलता येत नाही.' त्याच्याखाली एक बटण. 'नमुना पानं मोफत पाहा.' पाच महिने रोज दोनदा ज्योतीराम त्या पानावर जात होते. भाव बघत होते. ते बटण त्यांनी एकदाही दाबलं नव्हतं. पन्नास पैशांच्या वायसरचा नमुना मागणारा माणूस!

ते नवव्या पानापासून वाचायला लागले. ओढत ओढत, एकेक ओळ. होडी येईल म्हणून वाचत होते. अकराव्या पानावर होडी आली नाही. तेराव्या पानावर सगुणा पोरीला घेऊन परत फिरली आणि पहाटे सासरच्या दारात जाऊन बसली. ज्योतीरामांनी ते पान दोनदा वाचलं. होडीवाला नव्हता, त्याची म्हातारी नव्हती, कोरडं लुगडं नव्हतं. शिंपी पुढं कधी येतो का म्हणून त्यांनी पन्नासावं पान बघितलं, शंभरावं बघितलं. सगुणा तिथंच होती, त्याच घरात, चुलीपुढं.

दोन महिने रोज संध्याकाळी चहाबरोबर आपण काय ऐकत होतो, ते त्यांना तेव्हा कळलं.

कस्तुराबाई आल्या त्या पदराला हात पुसत. कडेच्या नजरेनं त्यांना खाटेवर बसलेला नवरा दिसला, मांडीवर टॅब दिसला. त्या दारातच थांबल्या.

"किती वाचलंस कस्तुरा?"

त्यांनी लपवलं नाही. "आठ पानं. नवव्याच्या निम्म्यावर सोडलं. आठवडा गेला तेवढ्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पेढे आणले होते," कस्तुराबाई म्हणाल्या. मग आत येऊन खाली बसल्या. "आणि बोलून काय केलं असतंत? परत चार दुकानं बघितली असतीत. वही काढली असतीत. मला ती वही बघवत नव्हती हो."

एक प्रश्न ज्योतीरामांना विचारायचा नव्हता. पण खरेदीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस, नुकसान किती झालं ते विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"तेव्हा घेतलं असतं तर? ऑगस्टात?"

शेजारी कुरडयांचा सोऱ्या फिरत होता, त्याचा आवाज येत होता.

"ऑगस्टात मी सुईत दोरा ओवत होते," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत मोठी अक्षरं चांगली दिसत होती. सगळं वाचून झालं असतं. दोनदा झालं असतं."

ज्योतीरामांनी टॅब उचलला. पहिल्या दुकानात गेले, वर्षालीनं दाखवलं होतं त्या. तीनशे एकोणपन्नास. बटण दाबलं. पुस्तक उघडलं, अक्षरं मोठी केली, आणखी मोठी, पडद्यावर दोनच शब्द मावतील एवढी. त्यांनी टॅब बायकोपुढं धरला. "बघ बरं. बघ, हे खरं आहे. ह्यात होतात मोठी."

कस्तुराबाईंनी समोर बघितलं. मग मान डावीकडे केली, उजवीकडे केली, बोट लावून चाचपत गेल्या. "हा 'न' आहे का?" म्हणाल्या. "न... दी?" तिसऱ्या अक्षरावर गेल्या तोवर पहिली दोन निसटली. परत 'न'पासून सुरुवात केली. ज्योतीरामांना ते बघवेना, पण त्यांनी मान वळवली नाही. चौथ्यांदा कस्तुराबाईंनी टॅब खाली ठेवला.

"मी वाचून दाखवतो," ज्योतीराम घाईघाईनं म्हणाले. "रोज दाखवतो. सगळं पुस्तक."

तेव्हा मात्र कस्तुराबाईंचा बांध फुटला. इंजेक्शनं घेताना रडल्या नव्हत्या, मशीन झाकून ठेवताना रडल्या नव्हत्या. "वाचून दाखवायला तर वर्षालीनंही दाखवलं असतं," त्या म्हणाल्या. "मला गोष्ट कळायची घाई नव्हती. गोष्ट तर मी मनानं केली, चांगली केली. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं होतं. एवढं एक शेवटचं. ते तुम्ही सेलसाठी घालवलंत."

हे त्या रडता रडता, पण इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की आरडाओरडा केला असता तर बरं, असं ज्योतीरामांना झालं. चुकलो म्हणावं, असं त्यांना वाटलं. पण चुकलो म्हणणं फारच थोडं पडलं असतं, म्हणून ते म्हणाले नाहीत. त्या मेल्या आकड्यांचा त्यांना जन्मात पहिल्यांदा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. ते खाटेवरून उतरून बायकोशेजारी फरशीवर बसले.

मग कस्तुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"रोज संध्याकाळी वाचीन," ज्योतीराम म्हणाले. "आल्या आल्या. चहाच्या आधी."

"संध्याकाळी कशाला?" कस्तुराबाई म्हणाल्या. "आत्ता वाचा."

ज्योतीरामांनी चष्मा सारखा केला आणि पहिल्या पानावरची पहिली ओळ मोठ्यानं वाचायला घेतली.